आपल्या वतीने कोण गाणार?

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या मेळाव्यात गाण्याच्या स्पर्धेची चर्चा कशाला, आणि तीही युरोपातल्या स्पर्धेची, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. तो साहजिकच आहे. परंतु मला गाण्यापेक्षा निवडीविषयी अधिक बोलावयाचे आहे. आपल्या घरातून, शाळेतून, गावातून आपल्या वतीने कुणाला पुढे पाठवायचे, हे ठरवण्याची पाळी आपणा सर्वांवर कधी ना कधी येते. पाठवलेला माणूस जिंकला तर आपण हार घालतो आणि हरला तर त्याला बोल लावतो. पण त्याला निवडले कसे, याचा विचार फार थोडे लोक करतात. युक्रेन या देशाने हा प्रश्न कसा सोडवला, त्यात त्याला कुठे ठेच लागली आणि त्यातून तो काय शिकला, हे मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम स्पर्धेची थोडी माहिती घेऊ. युरोपातील नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांचा एक संघ १९५० साली स्थापन झाला. त्याचे नाव युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. या संघाने १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो या शहरात गाण्यांची पहिली स्पर्धा भरवली. तीच आज युरोव्हिजन या नावाने ओळखली जाते. पहिल्या वर्षी सात देश आले होते. पुढे ही संख्या चाळीसच्या घरात गेली. नियम साधे आहेत. प्रत्येक देशाने एकच गाणे पाठवायचे, ते तीन मिनिटांपेक्षा मोठे असता कामा नये आणि रंगमंचावर सहांपेक्षा अधिक माणसे असता कामा नयेत. आणखी एक नियम मला फार आवडतो. कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला मत देता येत नाही. म्हणजे आपले गाणे चांगले आहे की नाही, हे शेजाऱ्याने सांगायचे.

आता हे एक गाणे निवडायचे कुणी? प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. काही देशांत दूरचित्रवाणी संस्थेतले चार अधिकारी बंद खोलीत बसून नाव ठरवतात. स्वीडनमध्ये अनेक आठवडे फेऱ्या चालतात आणि सारा देश त्या पाहतो. इटलीत १९५१ पासून चालत आलेला सानरेमोचा संगीत महोत्सव आहे. युरोव्हिजनची कल्पनाच मुळी त्याच्यावरून सुचली. प्रत्येक पद्धतीच्या बाजूने बोलता येते. अधिकाऱ्यांनी निवडले तर काम झटपट होते, पण वशिल्याचा संशय राहतो. लोकांनी निवडले तर सर्वांना ते आपले वाटते, पण ज्याच्या मागे पैसा आणि प्रसिद्धी त्याचीच वर्णी लागण्याची भीती असते.

युक्रेन या स्पर्धेत २००३ साली प्रथम उतरला आणि दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये, इस्तंबूल येथे रुसलाना या गायिकेने त्याला पहिला क्रमांक मिळवून दिला. देशाला या स्पर्धेचे वेड लागले. आणि जिथे वेड असते, तिथे भांडणेही येतात.

२०११ साली युक्रेनच्या निवडीची अंतिम फेरी झाली. मीका न्यूटन पहिली, झ्लाता ओग्नेविच दुसरी आणि जमाला नावाची गायिका तिसरी आली. परंतु मतांच्या मोजणीत गोलमाल झाल्याची ओरड झाली. पहिल्या तिघींमध्ये पुन्हा मतदान घेण्याचे ठरले. तेव्हा जमालाने आणि झ्लाताने, आम्हांला आता यात भाग घ्यायचा नाही, असे म्हणून अंग काढून घेतले. मीका न्यूटन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेली आणि चौथी आली. चौथा क्रमांक काही वाईट नाही. पण ज्या निवडीवर लोकांचा विश्वास उरत नाही, तिच्यातून मिळालेला चांगला क्रमांकदेखील लोकांना पुरता आनंद देऊ शकत नाही. हरलेल्याला, आपण न्यायाने हरलो, असे वाटले पाहिजे. हे वाटणे ही निवडीची पहिली कसोटी आहे.

आता या जमालाविषयी दोन शब्द. तिचे मूळ नाव सुसाना जमालादिनोवा. जन्म १९८३ सालचा, किरगिझस्तानातील ओश या शहरातला. वडील क्रिमियातले तातार मुसलमान, आई आर्मेनियन वंशाची. क्रिमियाच्या तातार बापाची मुलगी हजारो मैल दूर मध्य आशियात का जन्मली? या प्रश्नाचे उत्तर १९४४ या सालात आहे.

त्या वर्षी मे महिन्यात, १८ तारखेच्या पहाटेपासून, स्तालिनच्या हुकुमाने क्रिमियातील तातारांना घराबाहेर काढण्यात आले. संपूर्ण जमातीवर शत्रूला मदत केल्याचा ठपका ठेवला गेला. अवघ्या तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसांना मालगाड्यांच्या वाघिणींत कोंबून बहुतांशी उझबेकिस्तानकडे रवाना केले. त्यांत म्हातारी माणसे होती, बाया होत्या, तान्ही मुले होती. अनेक घरांतले कर्ते पुरुष तर त्याच वेळी सोव्हिएत फौजेत लढत होते! जमालाची पणजी नझिलखान हिलाही असेच नेण्यात आले. तिच्याबरोबर पाच मुले होती. एक मुलगी त्या प्रवासातच दगावली. परक्या मुलखात पहिल्या काही वर्षांत भुकेने आणि रोगराईने हजारो माणसे मेली. क्रिमियात परत येण्याची वाट १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोकळी झाली, तेव्हा जमालाचे कुटुंबही परतले. म्हणजे दोन पिढ्या परदेशात वाढल्या आणि तरीही घराची आठवण त्यांनी जपली. ही आठवण त्यांनी कशात जपली? नमाजात, घरच्या बोलीत आणि गाण्यांत.

२०१४ च्या मार्चमध्ये रशियाने क्रिमिया आपल्या राज्याला जोडून घेतला. युक्रेनवर युद्धाचे सावट आले. २०१५ साली तो देश स्पर्धेत उतरलाच नाही. २०१६ साली पुन्हा उतरायचे ठरले आणि निवडीसाठी नवी पद्धत आखण्यात आली. दोन उपांत्य फेऱ्या आणि २१ फेब्रुवारीला अंतिम फेरी. अंतिम फेरीत सहा गाणी. तीन परीक्षक बसवले: २००४ ची विजेती रुसलाना, संगीतकार कोन्स्तान्तिन मेलाद्झे आणि विनोदी कलावंत आंद्रिय दानिल्को. परीक्षकांनी गाण्यांना एक ते सहा गुण द्यायचे आणि लोकांच्या मतांनुसारही तसेच एक ते सहा गुण द्यायचे. दोहोंची बेरीज करायची. बरोबरी झाली तर लोकांचा कौल मानायचा. हे सर्व आधीच जाहीर होते.

पाच वर्षांपूर्वी मनस्ताप होऊन माघार घेतलेली जमाला या वेळी पुन्हा आली. तिच्या गाण्याचे नाव होते '१९४४'. गाण्याचा मोठा भाग इंग्रजीत होता, पण पालुपद क्रिमियाच्या तातार भाषेत होते आणि ते त्या लोकांच्या एका जुन्या लोकगीतावरून घेतलेले होते. पणजीने सांगितलेली हकीकत पणतीने स्वतः चाल लावून गायिली.

अंतिम फेरीत काय झाले पाहा. परीक्षकांनी 'द हार्डकिस' या वाद्यवृंदाला पहिला क्रमांक दिला, जमालाला दुसरा. लोकांनी जमालाला पहिला दिला, हार्डकिसला दुसरा. सहा अधिक पाच, दोन्हीकडे अकरा! बरोबरी झाली आणि आधी ठरल्याप्रमाणे लोकांचा कौल मानला गेला. जर हा नियम आधी लिहिलेला नसता, तर त्या रात्री केवढा गोंधळ माजला असता, याची आपण कल्पना करा.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. युक्रेनमध्ये बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. क्रिमियाचे तातार हे त्या देशातील अगदी लहान अल्पसंख्य. त्यांची भाषा इतरांना समजत नाही. तरीसुद्धा, आमच्या देशाच्या वतीने हे गाणे जाऊ दे, असे त्या बहुसंख्यांनी मत देऊन सांगितले. त्याला राजकीय कारणे नव्हती असे मी म्हणणार नाही. क्रिमिया नुकताच हातचा गेला होता, ती जखम ताजी होती. पण कारण काहीही असो, एका लहान जमातीचे दुःख त्या दिवशी साऱ्या देशाचे दुःख ठरले. कायद्याने नागरिकत्व मिळते, हे आपण सर्व जाणतो. परंतु देशाने आपले गाणे आपल्याबरोबर गावे, ही गोष्ट कायद्याने मिळत नाही. ती माणसांनी माणसांना द्यावी लागते.

पुढे हरकत निघाली. स्पर्धेत राजकीय मजकुराला मनाई आहे आणि हे गाणे राजकीय आहे, असे रशियातून म्हटले गेले. स्पर्धेच्या चालकांनी शब्द तपासले आणि त्यात नियमाविरुद्ध काही नाही, असा निर्णय मार्चमध्ये दिला. गाण्यात कुणा देशाचे नाव नव्हते, कुणाला शिवी नव्हती. घडून गेलेल्या गोष्टीचा शोक होता. तिकडे क्रिमियात एप्रिल महिन्यात तातारांची प्रातिनिधिक संस्था 'मेजलिस' हिच्यावर बंदी घालण्यात आली.

मग १४ मे २०१६ रोजी स्टॉकहोम येथे अंतिम स्पर्धा झाली. आकडे ऐकण्यासारखे आहेत. सर्व देशांच्या परीक्षकांचे सर्वाधिक गुण, ३२०, ऑस्ट्रेलियाला पडले. सर्व देशांच्या जनतेचे सर्वाधिक गुण, ३६१, रशियाला पडले. जमाला दोन्हीकडे दुसरी होती: परीक्षकांचे २११, जनतेचे ३२३. बेरीज ५३४. ऑस्ट्रेलियाची बेरीज ५११ आणि रशियाची ४९१. म्हणजे नुसते जाणकार असते तर ऑस्ट्रेलिया जिंकला असता, नुसती जनता असती तर रशिया. दोघांनाही जे गाणे मनापासून मान्य होते, ते पहिले आले.

आणखी एक गोष्ट तर मला या सर्वांहून मोलाची वाटते. त्या रात्री युक्रेनच्या परीक्षकांनी रशियाला एकही गुण दिला नाही आणि रशियाच्या परीक्षकांनी युक्रेनला एकही दिला नाही. पण युक्रेनच्या सामान्य जनतेने आपले सर्वाधिक बारा गुण रशियाच्या गाण्याला दिले आणि रशियाच्या जनतेने जमालाला दहा गुण दिले! दोन राज्ये एकमेकांचे वैरी झाली असताना घरोघर बसलेल्या माणसांनी शत्रूच्या गाण्याला दाद दिली. शहाणी माणसे परीक्षकाच्या खुर्चीवर बसतात, हे खरे. पण शहाणपण फक्त त्या खुर्चीवरच बसते, असे समजण्याचे कारण नाही.

यानंतर युक्रेनची वाट सरळ झाली, असे मात्र नाही. २०१९ साली मारुव नावाची गायिका निवडीत पहिली आली. निवडीनंतर तिच्यापुढे करार ठेवण्यात आला. रशियातील कार्यक्रमांवरून आणि इतर अटींवरून वाद झाला आणि तिने सही केली नाही. मग दुसरा क्रमांक मिळवणाऱ्यांना विचारले, त्यांनी नकार दिला. तिसऱ्यांना विचारले, त्यांनीही नकार दिला. शेवटी त्या वर्षी युक्रेनने कुणालाच पाठवले नाही. अटी स्पर्धेआधी साऱ्यांना मान्य करून घ्याव्यात, हा धडा त्यात होता.

२०२२ साली आलिना पाश पहिली आली आणि कालुश ऑर्केस्ट्रा दुसरा. परीक्षकांची पसंती आलिनाला होती, लोकांची कालुशला. पूर्वी क्रिमियात कोणत्या मार्गाने प्रवेश केला, याविषयी तिने दिलेल्या कागदावरून संशय उत्पन्न झाला. तिने चार दिवसांत माघार घेतली. २२ फेब्रुवारीला कालुश ऑर्केस्ट्राचे नाव नक्की झाले आणि २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर चढाई केली. दोन दिवसांचे अंतर! एका मुलाने आपल्या आईवर लिहिलेले 'स्तेफानिया' हे साधे गाणे मे महिन्यात इटलीतील तुरीन येथे पहिले आले. त्याला ६३१ गुण मिळाले, त्यांतले ४३९ जनतेचे.

पण खरी कसोटी पुढेच होती. पुढच्या वर्षीचे गाणे निवडायचे होते आणि राजधानी कीव्हवर क्षेपणास्त्रे पडत होती, वीज जात होती. त्या लोकांनी निवड रद्द केली नाही. १७ डिसेंबर २०२२ रोजी ती जमिनीखालच्या एका मेट्रो स्टेशनात भरवली. परीक्षक कोण असावेत, हेसुद्धा या वेळी लोकांनी मत देऊन ठरवले. निवडून आलेल्या तिघांत एक होती जमाला, दुसरी होती हार्डकिसची गायिका युलिया सानिना. सहा वर्षांपूर्वी ज्या दोघींत अकरा-अकरा अशी बरोबरी झाली होती, त्या दोघी आता शेजारी बसून नव्या मुलांचे गाणे ऐकत होत्या. नियमाने हरलेल्या माणसाला पुढे जिंकणाऱ्याच्या शेजारी बसण्यात कमीपणा वाटत नाही. २०२४ मध्ये लोकांची मते घेणारी यंत्रणा गर्दीने कोलमडली, तेव्हा घाईने निकाल न लावता मतदानाची मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवली. ज्या देशात २०११ साली मोजणीवरून रान उठले होते, त्या देशाने एवढी मजल मारली.

आता आपण आपल्या शाळेकडे वळू. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचे किंवा गायन स्पर्धेचे पत्र येते. मुदत दोन दिवसांवर असते. मग शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणते, मागच्या वर्षी गेला होता त्यालाच पाठवा, त्याला सवय आहे. कुणी म्हणते, अमक्याची मुलगी आहे, बरी दिसते, धीट आहे. पाच मिनिटांत काम उरकते. मागच्या बाकावरच्या मुलाला स्पर्धा होती हेदेखील कळत नाही. हे चित्र अनेक शाळांत दिसते आणि त्यात कुणाचा दुष्ट हेतू असतो, असे नाही. सवय असते, एवढेच.

म्हणून माझी आपणाला विनंती आहे. निवडीचे नियम निवडीआधी फळ्यावर लिहावेत. निर्णय एका माणसावर सोडू नये. दोन शिक्षक आणि वर्गातली मुले, अशा दोन्ही बाजूंचे ऐकावे. बरोबरी झाली तर काय करायचे, हेही अगोदरच सांगावे. आणि न निवडलेल्या मुलाला त्याचे गुण दाखवावेत, तो कुठे कमी पडला हे प्रेमाने सांगावे, म्हणजे पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा राहील. जमाला पाच वर्षांनी परत आली, हे विसरू नका. आपल्या शाळेतली किती मुले एकदा डावलल्यावर परत येतात?

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काय गायचे, हे मुलाला त्याच्या घरातूनही आणू द्या. आपली काही मुले घरी दखनी बोलतात, काही कोकणी बोलतात, काहींच्या आया ओव्या म्हणतात. ही बोली शाळेच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची वस्तू नाही. आपण अल्पसंख्य आहोत, आपले कुणी ऐकत नाही, अशी तक्रार आपण पुष्कळ वेळा करतो, आणि ती अगदीच निराधार नसते. पण आपल्या या छोट्या संस्थेतही कुणीतरी अल्पसंख्य आहेच. वीटभट्टीवर राहणारे एखादे मूल आहे, ऊसतोडीच्या टोळीबरोबर हिंडून मध्येच शाळेत आलेले एखादे आहे, दुसऱ्या धर्माचे एखादे आहे. आपली ही शाळा त्या मुलाला कधी आपल्या वतीने पाठवते का? मोठ्यांनी आपले ऐकावे असे म्हणण्याचा हक्क त्यालाच पोचतो, जो आपल्याहून लहानाचे ऐकतो.

पुढच्या महिन्यात गायन स्पर्धेच्या निवडीचा कागद सूचनाफलकावर लागेल. पालकहो, तो वाचा. आपल्या मुलाला नाव द्यायला सांगा आणि शेजारच्याच्या मुलालाही सांगा.